सैनिकांच्या कुटुंबीयांसाठीचे स्मारक आणि त्यातील रिकामी आकृती : अर्थ कसा लावावा?

गिरणाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यात गिरणेच्या काठी असलेल्या एका लहान गावचा रहिवासी असून नोकरीतून निवृत्त झालो आहे. गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेत मुलाकडे तीन महिने राहण्याचा योग आला. त्याच्या घराजवळच्या बागेत मी रोज सकाळी फिरायला जात असे. तेथे काळ्या ग्रॅनाइटचे एक स्मारक आहे. युद्धात पडलेल्या सैनिकांचे असावे असे समजून पहिले दोन-तीन दिवस मी नुसते हात जोडून पुढे जात राहिलो. नंतर मुलाने त्यावरचा मजकूर समजावून सांगितला, तेव्हा कळले की ते स्मारक सैनिकांच्या मागे राहिलेल्या आई-वडिलांचे, पत्नीचे, मुलांचे आणि भावंडांचे आहे.

तिकडे अशा घरांना ‘सोनेरी ताऱ्याची कुटुंबे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात, १९१७ पासून, ज्या घरातला माणूस सैन्यात गेला असेल त्या घराच्या खिडकीत निळ्या ताऱ्याचे निशाण लावण्याची रीत पडली आणि तो माणूस मरण पावला की निळ्या ताऱ्यावर सोनेरी तारा शिवला जाऊ लागला. हे स्मारक उभारण्याची कल्पना हर्शेल वुडी विल्यम्स या सैनिकाची. दुसऱ्या महायुद्धात इवो जिमाच्या लढाईतील पराक्रमासाठी त्यांना त्या देशाचा सर्वोच्च सन्मान मिळाला होता, पण सैन्यात जाण्यापूर्वी तरुणपणी ते टॅक्सी चालवत आणि युद्धात मुलगा गेल्याच्या तारा, म्हणजे टेलिग्राम, घरोघरी पोहोचवत. ते काम त्यांच्या मनातून कधी गेले नाही. पहिले स्मारक २०१३ साली वेस्ट व्हर्जिनिया राज्यात उभे राहिले आणि २०२२ साली विल्यम्स वारले तोपर्यंत अशी अनेक स्मारके देशभर झाली होती.

स्मारकावर चार फलक आहेत : मातृभूमी, कुटुंब, देशभक्त आणि बलिदान. मधोमध सलाम करणाऱ्या सैनिकाची आकृती आहे, परंतु ती कोरलेली किंवा उठावाची नाही; दगडातून तेवढा भाग कापून काढलेला आहे. समोर उभे राहिले की त्या आकृतीतून पलीकडची झाडे आणि आकाश दिसते. तीन महिने मी रोज तेथे थांबत होतो आणि प्रत्येक वेळी मला देवळात उभे असल्यासारखे वाटले. तेथे देव नव्हता, दिवा नव्हता, कुणाचे नावही नव्हते, मग असे का वाटावे याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

हे विचारण्यास एक निकडीचे कारण आहे. आमच्या गावाने दोन मुलगे गमावले : एक १९७१ च्या युद्धात आणि दुसरा अलीकडे काश्मीरमध्ये. दोघांच्या नावाचा स्तंभ शाळेसमोर आहे. त्याच्या शेजारी कुटुंबीयांसाठी काही उभारावे असे मी परत आल्यावर सुचवले. गावाने ते मान्य केले आणि मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडेच दिले. मी पहिला मसुदा ‘ज्यांनी आपले पुत्र मातृभूमीस अर्पण केले त्या कुटुंबांना वंदन’ असा केला आहे. तथापि एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारले की शौर्याचे स्मारक समजते, पण दुःखाचे देऊळ कशासाठी बांधायचे, आणि मला त्यांना उत्तर देता आले नाही. अशा स्मारकात आध्यात्मिक अर्थ नेमका कोठे असतो? आपल्या परंपरेत त्याला आधार आहे का? आणि ती रिकामी आकृती आपण जशीच्या तशी घ्यावी का? जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

पांझरेकाठचा मास्तर (प्रतिसाद)

आपला प्रश्न वाचून मी दोन दिवस विचार करत होतो. मी धुळ्यात इतिहास शिकवत असे आणि सुट्ट्यांत वीरगळ पाहत हिंडण्याचा मला नाद होता, म्हणून त्या बाजूने लिहितो.

वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा स्मारक-दगड, बहुतेकांनी पाहिलेला असतो, जरी शेंदूर फासल्यामुळे तो काय आहे हे ओळखू येत नसले तरी. सर्वसाधारणपणे त्यात खालून वर वाचायचे टप्पे असतात. तळाशी लढाई किंवा गुरे वाचवताना पडलेला वीर, त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते जोवर आहेत तोवर ही कीर्ती राहील. एका दगडात जमीन, स्वर्ग आणि शिवलोक इतका प्रवास सांगणारी ही रचना आध्यात्मिक आहे यात शंका नाही. परंतु हा सगळा प्रवास एकट्या वीराचा आहे. मी पाहिलेल्या दगडांवर त्याची म्हातारी आई कोठे नाही, बाप नाही, पोरे नाहीत.

घरातल्या बाईला दगड मिळाला तो सतीचा. कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला उभा हात तुम्ही पाहिला असेल. त्या न फुटलेल्या बांगड्यांचा अर्थ असा की तिचे सौभाग्य अखंड राहिले, कारण ती मागे राहिलीच नाही. हे मी जड मनाने लिहितो, पण लिहिले पाहिजे : आपल्या परंपरेने जो मेला त्याला दगड दिला, जी त्याच्याबरोबर मेली तिलाही दगड दिला, आणि जी जगली, जिने शेत कसले, कर्ज फेडले, पोरे मोठी केली, तिच्यासाठी दगड घडवला नाही. त्यामुळे परंपरेत आधार शोधताना आपल्याला एक उणीवही सापडेल आणि ती मान्य करावी लागेल. गावातील त्या ज्येष्ठांना मी एवढेच सांगेन की दुःखाचे देऊळ बांधायचे असा आपला हेतू नाही. आठशे वर्षे ज्यांना दगडावर जागा मिळाली नाही त्यांना ती द्यायची आहे.

इंग्रजांच्या काळातही फार वेगळे घडले नाही. पहिल्या महायुद्धानंतर गावोगाव संगमरवरी पाट्या लागल्या, त्यांवर ‘या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले’ एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून ४६ जण त्या युद्धात मृत्यू पावले, म्हणजे ४६ घरे, आणि पाटीवर आकडा. त्या पाट्यांचा कोरडेपणा मला पूर्वी खटकत असे, पण वयानुसार एक गोष्ट पटत चालली आहे : त्यांत एकही विशेषण नाही आणि म्हणून शंभर वर्षांनी वाचतानाही त्यांत खोटे काही वाटत नाही. आपल्या मसुद्याचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे.

अमेरिकेचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. १९३० ते १९३३ या काळात तेथील सरकारने पहिल्या महायुद्धात मुलगा किंवा पती गमावलेल्या सहा हजारांहून अधिक स्त्रियांना सरकारी खर्चाने युरोपातील त्यांच्या कबरींपर्यंत नेले आणि त्या प्रवासाला अधिकृतपणेच ‘तीर्थयात्रा’ असे नाव दिले. त्यात कृष्णवर्णीय मातांना वेगळ्या जहाजांतून पाठवले गेले हा डाग आहेच. तरीही सरकारी कागदावर ‘तीर्थ’ हा शब्द यावा हे महत्त्वाचे वाटते. त्या बायकांना पाहायचे होते ते एका ठिकाणच्या मातीचे चार हात, आणि तेवढ्यासाठी त्यांनी समुद्र ओलांडला.

उंबरठा (प्रतिसाद)

मी धुळे जिल्ह्यातील एका सैनिकाची पत्नी आहे. माझ्या यजमानांना जाऊन चौदा वर्षे झाली. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. सहसा मी अशा चर्चेत लिहीत नाही, परंतु आपल्या मसुद्यातील ‘अर्पण केले’ हे शब्द वाचले आणि राहवले नाही. आपला हेतू चांगला आहे हे मला कळते, म्हणून स्पष्ट लिहिते.

अंत्यसंस्काराच्या दिवशी सलामीच्या फैरी झाल्या, तिरंगा घडी करून माझ्या हाती दिला, आणि त्यानंतर एका वक्त्याने ध्वनिक्षेपकावरून सांगितले की या भगिनीने आपले कुंकू देशाला अर्पण केले. मी ते अर्पण केले नव्हते. सुट्टी संपल्यावर मी त्यांच्यासोबत चाळीसगाव स्टेशनापर्यंत गेले होते, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती आणि दिवाळीला येण्याचे कबूल करून घेतले होते. देवापुढे आपण जे ठेवतो ते आपल्या हाताने ठेवतो, ठेवताना ‘हे तुझे’ असे मनात म्हणतो, म्हणून त्याला अर्पण म्हणतात. त्यांनी आपला जीव अर्पण केला असे कुणी म्हटले तर मी मान झुकवीन, कारण तो त्यांचा होता आणि त्यांनी तो जाणून पणाला लावला होता. माझ्याकडून मात्र ते गेले. गेलेल्या वस्तूला दिलेली वस्तू म्हणणे हे, दादा, फार मोठे ओझे आहे. कारण एकदा ‘दिले’ म्हटले की मग रडण्याचा हक्क राहत नाही.

दुसरी गोष्ट. १५ ऑगस्टला मला मानाने व्यासपीठावर बोलावतात, शाल देतात, वीरपत्नी म्हणतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते, तेव्हा त्याच गल्लीतल्या बायका एकमेकींना कुंकू लावतात आणि माझ्यापाशी आल्यावर हात आखडतो. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि नंतर शासनानेही इतर गावांना तसे आवाहन केले, हे मला ठाऊक आहे. ठराव झाला तरी हात सैल व्हायला वेळ लागतो. आपल्या गावात स्मारक उभे राहील त्या दिवशी त्या दोन्ही घरांतल्या बायकांच्या हातून पहिली पूजा करावी, पुरोहितांच्या किंवा पाहुण्यांच्या हातून नव्हे. मला अध्यात्म फारसे कळत नाही, पण ते त्या दिवशी तेथे असेल तर या एका कृतीत असेल.

रिकाम्या आकृतीबद्दल. ती मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, आपल्या वर्णनावरून डोळ्यांसमोर आणली. आमचे घर जुने आहे आणि दाराची चौकट ठेंगणी आहे. यजमान उंच होते, त्यामुळे आत येताना मान खाली घालावी लागे, आणि प्रत्येक सुट्टीत पहिल्या दिवशी ते विसरत आणि त्यांना लागत असे. ते गेल्यावर कितीतरी वर्षे ती चौकट मला फार मोठी वाटायची. गेल्या वर्षी एका संध्याकाळी मुलगा शिकवणीहून आला आणि आत येताना त्याने मान खाली घातली. मी चुलीपाशी होते. त्या क्षणी मला जे वाटले त्याला शब्द नाही, परंतु आपल्याला त्या दगडापुढे जे वाटले ते बहुधा त्याच जातीचे असावे.

माजी सैनिक, नंदुरबार (प्रतिसाद)

ताईंनी लिहिलेले वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. मी सतरा वर्षे सेवा केली. त्यात एकदा माझ्या पलटणीतील सहकाऱ्याच्या पार्थिवासोबत त्याच्या गावी जाण्याची आज्ञा मला झाली. विल्यम्स यांनी तारा पोहोचवल्याचा उल्लेख प्रश्नात आहे, म्हणून हे सांगतो. गोळीबारात कसे वागायचे याचे शिक्षण आम्हाला मिळते, पण त्या दारात उभे राहून काय बोलायचे याचे मिळत नाही. आम्ही रात्री उशिरा पोहोचलो. सगळा विधी सकाळी व्हायचा होता. त्याच्या आईने मला आत बोलावले आणि विचारले, “जेवलास का रे बाबा?” मी सोळा तास काही खाल्ले नव्हते. तिने स्वतः ताट वाढले आणि मी जेवेपर्यंत ती समोर बसून राहिली. दोन हजार फुटांवरून उडी मारायला सांगितले असते तर मारली असती, पण ते ताट संपवणे कठीण गेले. आजही कुणी मला देव पाहिलास का असे विचारले तर त्या घराचा पत्ता सांगावासा वाटतो.

एक गोष्ट तरुण वाचकांसाठी स्पष्ट करतो. सैनिकाचे पार्थिव गावी आणून सर्वांसमक्ष मानवंदना देण्याची जी पद्धत आज सर्वांना परिचित आहे ती १९९९ च्या कारगिल युद्धापासून रूढ झाली. त्यापूर्वीच्या युद्धांत, १९६२, १९६५ आणि १९७१ मध्ये, बहुतेकांचे अंत्यसंस्कार सीमेजवळच होत. घरी तार येई, नंतर त्याची पेटी येई. म्हणून आपल्या गावातील १९७१ चे घर आणि अलीकडचे घर यांचे दुःख एका मापाने मोजू नये. एका घराने चिता पाहिली आहे आणि दुसऱ्या घराने कुलूप लावलेली पत्र्याची पेटी.

दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. त्यात अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र आणि रक्षक चक्र अशी चार वर्तुळे आहेत. त्याग चक्रात प्रत्येक हुतात्म्याच्या नावाची स्वतंत्र ग्रॅनाइटची पाटी आहे. मी तेथे गेलो तेव्हा एक वयस्कर गृहस्थ एका पाटीवरून अंगठा फिरवत होते, अक्षर अक्षर, शाळेत धुळपाटीवर गिरवतात तसे. त्यांना कोणी हटकले नाही. माझी सूचना एवढीच की आपल्या गावात नावे हाताला लागतील इतक्या उंचीवर आणि खोल कोरावीत. रंगवलेली नावे चार पावसाळ्यांत जातात, शिवाय त्यांना स्पर्श करून काही कळत नाही.

पांझरेकाठचा मास्तर

ताई, मी माझ्या पहिल्या प्रतिसादात मसुद्याविषयी फार सावधपणे लिहिले. आपण जे म्हटले ते सरळ म्हणायला हवे होते. ‘अर्पण’ हा शब्द काढावा या मताचा मी आहे.

माजी सैनिकांनी देहाचा मुद्दा मांडला त्याला जोडून : ज्याचा देह मिळत नाही त्याच्यासाठी धर्मशास्त्रात पालाशविधी सांगितला आहे. पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणसाच्या आकाराचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तसेच शस्त्राने मृत्यू आलेल्यांच्या श्राद्धासाठी पितृपक्षातील चतुर्दशी राखून ठेवलेली आहे, तिला आपण घातचतुर्दशी म्हणतो. म्हणजे देह नसताना आकार लागतो आणि रणात गेलेल्याला वेगळा दिवस लागतो, एवढे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. मागे राहिलेल्याला निरोप देण्यासाठी काहीतरी समोर असावे लागते, ही गरज त्या विधीमागे आहे.

मेहूणचा वारकरी (प्रतिसाद)

रामकृष्ण हरी. रिकाम्या आकृतीपुढे देवळात असल्यासारखे का वाटले, या आपल्या पहिल्या प्रश्नाकडे परत येतो, कारण त्याचे उत्तर आपल्या खानदेशातच, तापीच्या काठी आहे असे मला वाटते.

मुक्ताबाईंची समाधी आपण म्हणतो, परंतु ज्ञानेश्वर माउली आळंदीला समाधिस्थ झाले तशी ती समाधी नव्हे. वैशाख वद्य दशमीला, १२९७ साली, तापीच्या काठी वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाल्या, असे संतपरंपरा सांगते. देह राहिला नाही. ज्या ठिकाणी काहीच मागे उरले नाही ते ठिकाण मेहूण-कोथळीच्या परिसरात आज सव्वासातशे वर्षे तीर्थ म्हणून नांदते आहे, आणि तेथून दर वर्षी निघणारी पालखी महिनाभर चालून आषाढीला पंढरपुरास पोहोचते. मी स्वतः अनेक वर्षे त्या दिंडीत चाललो आहे. तेथे डोके टेकताना आपण कशावर टेकतो याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. आपला प्रश्न वाचल्यावर केला. आपण तेथे नसलेपणावर डोके टेकतो, आणि इतक्या पिढ्यांनी टेकल्यामुळे ते नसलेपण रिकामे राहिलेले नाही.

परंतु या कथेत मला आज अधिक जवळचे वाटतात ते निवृत्तिनाथ. चारही भावंडांत ते थोरले, आणि धाकट्यांचे गुरूही. कार्तिकात ज्ञानदेव गेले, मार्गशीर्षात सासवडला सोपानदेव गेले, वैशाखात मुक्ताई गेली, आणि ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरी स्वतः देह ठेवेपर्यंत हा एकटा भाऊ मागे उरला. ज्याने सगळ्यांना ब्रह्मज्ञान दिले तोही भावंडांच्या वियोगाने व्याकूळ झाला असे परंपरा सांगते आणि कीर्तनकार ते सांगताना आजही थांबतात. कुणीही असे म्हटले नाही की निवृत्तिनाथांचे ज्ञान कच्चे होते. दुःख होणे हे अध्यात्माच्या विरुद्ध असते तर संतांनी हा प्रसंग झाकून ठेवला असता. तेव्हा त्या ज्येष्ठांना सांगावे की मागे राहिलेल्याचे दुःख आपल्या संप्रदायाने लपवलेले नाही, ते चौघांच्या चरित्रात मानाने बसवले आहे.

मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. आत्मा अमर आहे, तो शस्त्राने तुटत नाही, हे वचन अशा प्रसंगी फार लवकर सांगितले जाते. ते सत्य आहे, पण ते स्वतःला सांगायचे सत्य आहे. अकराव्या दिवशी एखाद्या आईला दुसऱ्याने ते ऐकवले तर त्याचा अर्थ ‘आता पुरे’ एवढाच होतो. दगडावर तत्त्वज्ञान कोरू नये. वारीत चालताना कुणाच्या पायाला फोड आला तर आपण त्याला देह नश्वर असल्याचे सांगत नाही, त्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेतो.

गिरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उशीर झाला, कारण या मजकुराच्या प्रती काढून मी त्या ग्रामसभेपुढे ठेवल्या आणि दोन्ही घरी जाऊन वाचून दाखवल्या.

एक गोष्ट मी प्रश्नात लिहिली नव्हती, ती आता लिहितो. १९७१ मध्ये गेलेले माझे सख्खे काका होते. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. तार आली, तीन महिन्यांनी पेटी आली, आणि माझ्या आजीने पेटी उघडू दिली नाही. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे घरोघरी पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात आणि आंब्याचा रस, पुरणपोळीचा घास अग्नीत देतात, त्याला आगारी म्हणतात. वडिलांनी १९७२ च्या आखाजीला काकांच्या नावाची घागर आणली तेव्हा आजीने ती ओसरीतून परत पाठवली. “मन्हा आंडोर पितर नही,” म्हणजे माझा मुलगा पितर नाही, एवढेच ती म्हणाली. त्यानंतर बारा वर्षे आमच्या घरी आजोबांची घागर भरली गेली आणि काकांची नाही. १९८४ च्या आखाजीला ती पहाटे उठली, कुणालाही न सांगता कुंभाराकडे गेली आणि स्वतः घागर घेऊन आली. ती भरताना रडली नाही. त्या दिवशी दुपारी तिने पेटीचे कुलूप काढायला सांगितले. आत गणवेश होता, दाढीचे सामान होते आणि तिच्याच नावाने लिहायला घेतलेले, दोन ओळींवर थांबलेले पत्र होते.

मास्तरांनी पालाशविधीबद्दल आणि वारकरीबुवांनी तापीकाठच्या त्या जागेबद्दल लिहिले, तेव्हा मला उमगले की अमेरिकेतल्या त्या दगडापुढे मी तीन महिने का थांबत होतो. बारा वर्षे आमच्या देव्हाऱ्याजवळ ज्या ठिकाणी घागर नव्हती, ती जागा मला तेथे दिसत होती.

ग्रामसभेत झालेले निर्णय असे. मसुद्यातील ‘अर्पण’ हा शब्द एकमताने काढला, आणि ज्या ज्येष्ठांनी शंका घेतली होती त्यांनीच तो काढण्याची सूचना मांडली. मजकुरात विशेषणे नसतील. ‘या गावातील या घरांतून हे गेले’ अशी सुरुवात करून सैनिकाचे नाव, आणि त्याखाली त्याच मापाच्या अक्षरांत आई, वडील, पत्नी, मुले आणि भावंडे यांची नावे येतील. नावे खोल कोरून हाताच्या उंचीवर घेऊ. दगड काळा, आपल्याकडचाच. पायथ्याशी एक ओटा असेल, ज्यावर आखाजीला घागर ठेवता येईल. पहिली पूजा त्या दोन घरांतल्या बायका करतील, आणि त्या दिवशी गावातील सर्व बायकांना कुंकू लावण्याचा मान अलीकडच्या घरातल्या सुनेला दिला आहे. ती आधी नको म्हणत होती. तिच्या सासूबाईंनी तिला तयार केले.

नावे गोळा करताना एक अडचण आली, तीही सांगतो. आजीचे नाव कुणालाच आठवेना. घरात ती माय होती, गल्लीत काकांचीच माय, आणि सरकारी पत्रांत ‘सैनिकाची आई’. शेवटी अडगळीत एक जुने रेशनकार्ड सापडले आणि त्यावर तिचे पूर्ण नाव मिळाले. माझ्या मुलांनी ते पहिल्यांदा वाचले.

माजी सैनिकांना विनंती : सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण हाच क्रम दगडावर योग्य आहे का, ते कळवावे. आणि उंबरठा ताई, आपल्याकडे एक परवानगी मागायची आहे. कापलेली आकृती आम्ही घेत नाही, ती त्यांची आहे. तिच्या ठिकाणी दगडाची दाराची चौकट उभारावी, ठेंगणी, जिच्यातून स्मारकाकडे जाताना प्रत्येकाला मान खाली घालावी लागेल, असे गावाच्या मनात आहे. ती कल्पना आपल्या घरातली आहे, म्हणून आपण नको म्हणालात तर आम्ही ती सोडून देऊ.

माजी सैनिक, नंदुरबार

क्रम बरोबर आहे. पलटणीचे नाव पूर्ण लिहावे, संक्षेप करू नये. काकांच्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला पत्र पाठवल्यास नोंद पडताळून मिळते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवले तर बरे.

उंबरठा

दादा, चौकटीला माझी हरकत नाही. खाली उंबरठा मात्र ठेवावा, त्याशिवाय ते दार वाटणार नाही. उंची सव्वापाच फूट घ्यावी. आमच्या घराची तेवढी आहे. आज मुलाला पट्टी धरायला लावून मोजली.